सोमवारपर्यंत दहा माणसं

आमचे मालक दिवसभरात पन्नास जणांना "हलू नका" म्हणायचे अन् स्वतः एक मिनिट एका जागी थांबायचे नाहीत. स्टुडिओत त्यांचा एकच फोटो होता, त्यांच्या लग्नातला. त्यात नवरी कशी ठसठशीत आलीय, अन् नवरदेवाच्या तोंडाच्या जागी नुसता पांढरा फराटा. फोटो काढणाऱ्याला मालक अजून शिव्या द्यायचे. मी म्हणायची, त्या बिचाऱ्याचा काय दोष, तुम्ही हललात. तर म्हणायचे, "बाई, मंडपात दिवा तिरका लागला व्हता. तो सरळ कराया कोण जाणार?"

औरंगाबादला औरंगपुऱ्यात भांड्यांच्या दुकानावर त्यांचा स्टुडिओ होता. अरुंद जिना, वर दोन खोल्या, एक अंधारी. मी तिथं अकरा वर्षं रिटचिंग केलं. म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची अन् टोकदार पेन्सिलीनं लोकांच्या गालावरचे देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सुरकुत्या हळूहळू भरून काढायच्या. मी मूळची देवगाव रंगारीची. आमच्याकडं बायका शेतात जायच्या नाहीतर घरात बसायच्या, तिसरं काही नव्हतं. माझा हात चित्रकलेत बरा होता एवढंच. सासूबाई म्हणाल्या, परक्या पुरुषांची तोंडं रंगवायला जातीस व्हय? मी म्हणाले, व्हय. त्या आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, मला बरंच झालं.

मालकांचं घराणं जुनं कुलकर्ण्यांचं, निजामाच्या कचेरीत कारकुनी केलेलं. मालक स्वतः उर्दू शाळेत शिकलेले. त्यामुळं त्यांना अल्बम उजवीकडून सुरू करायची खोड. पहिलं पान उजव्या हाताला, तिथून उलटं उलटं जायचं. पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्याला वीस-बावीस वर्षं झाली, शहरातल्या पाट्या बदलल्या, शाळा बदलल्या, पण मालकांचा अल्बम काही फिरला नाही. गिऱ्हाईक घरी जाऊन उघडायचं तर लग्नात आधी वरात परत निघालेली, मग जेवणं, मग मंगलाष्टकं, अन् शेवटी मुलगी बघायचा कार्यक्रम. भांडायला यायचे लोक. मालक म्हणायचे, "दुसऱ्या बाजूनं बघा, त्यात काय एवढं." मी चिडायची. मला सगळ्यांची समजूत घालावी लागायची ना.

पोलीस अ‍ॅक्शननंतरचा एक किस्सा ते नेहमी सांगायचे. जुन्या कचेरीतले लोक रांग लावून आले म्हणे, हातात निजामाच्या काळातले फोटो, डोक्यावर लाल रुमी टोपी घातलेले. सगळ्यांचं एकच म्हणणं, फोटोतली टोपी तेवढी काढून टाका. टोपी डोक्यावर होती तोवर साहेबी होती, अन् आता अडचण झाली. मालक त्यांना म्हणायचे, "साहेब, टोपी काढतो, पण खालचं डोकं कुठून आणू? मी तर पाह्यलंच नाय." तरी एका तहसीलच्या माणसासाठी त्यांनी ब्रशानं दाट केस काढून दिले. तो माणूस पक्का टकला होता. आनंदानं घेऊन गेला.

पण त्यांची खरी खोड वेगळीच. दिलेला अल्बम त्यांना झालासा वाटायचा नाही. दोन-तीन महिन्यांनी अचानक उठायचे, चला बाई. कुठं? तर अमक्याच्या घरी. तिथं जाऊन चहा प्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचं, मग डिंक सुटला असेल बघू म्हणून अल्बम मागायचा अन् मांडीवर घेऊन फोटो इकडचे तिकडे करायचे. मी पिशवीत कोपरे घेऊन बसलेली, काळ्या पानाला फोटो धरून ठेवायचे ते कागदी कोपरे. एकदा खडकेश्वरच्या बाजूला एका घरी त्यांनी मुलीच्या आईचा रडतानाचा फोटो शेवटून काढून पहिल्या पानावर लावला. नवऱ्याकडच्यांनी पाहिलं, तर सासू म्हणाली, आमच्या घरी येतीय म्हणून आई रडती, हे पहिल्याच पानावर कशाला? त्यातून जे भांडण लागलं ते लागलंच. आम्हाला उंबऱ्याच्या बाहेर काढलं. जिन्यावरून उतरताना मालक म्हणतात, "पण फोटो तिथंच बरोबर व्हता." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तर असा हा माणूस, अन् त्याच्याकडं एक दिवस ती आजी आली.

जिना चढायला तिला पाच-सात मिनिटं लागली. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं नातवाचा खांदा धरलेला. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं. बोलणं शुद्ध कोकणातलं. मला वाटलं कुणी ब्राह्मणाची विधवा असेल. बसल्यावर घाम पुसत म्हणाली, "आम्ही इस्रायली लोक गो, ज्यू. कोकणात आमची तेलाची घाणी होती. शनवारी घाणी बंद ठेवायची, म्हणून आम्हाला शनवारतेली म्हणायचे." तिचा मुलगा हर्सूलच्या जेलवर अधिकारी होता, तिथंच क्वार्टरमध्ये राहायचे सगळे. नातवाचं नाव दानियल. नुकताच आवाज फुटायला लागलेला, त्यामुळं तोंड उघडायलाच तयार नव्हता.

आजीनं सांगितलं ते असं. पोराला तेरा वर्षं पूर्ण झाली की त्यांच्यात त्याला मोठ्या माणसांत धरतात. त्या दिवशी तो सगळ्या पुरुषांसमोर उभा राहून तोरा वाचतो. तोरा म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, चामड्याच्या गुंडाळीवर हातानं लिहिलेला. इथं औरंगाबादला त्यांची मशीद नाही (प्रार्थनेच्या जागेला ते मशीदच म्हणतात), म्हणून मुंबईहून गुंडाळी आणणार, प्रार्थना सांगणारा हज्जान येणार, पाहुणे येणार अन् क्वार्टरमध्येच समारंभ करणार. त्याचा अल्बम करायचा होता.

"पण माझं एक आहे," आजी म्हणाली. "वाचणारा पश्चिमेकडं तोंड करून उभा राहतो. आम्ही बायका मागच्या खोलीत. मला त्याची पाठ दिसेल नुसती. माझ्या मुलाच्या वेळेसही मी पाठच पाहिली. मला ह्याचं तोंड पाहिजे, वाचतानाचं."

मी विचारलं, "आजी, नातू तर रोज घरात असतो की."

"महिन्याभरानं नसणार," ती म्हणाली. "सगळी निघाली इस्रायलला. मी नाही जायची. माझा माणूस अलिबागकडं मातीत झोपलाय. आणि ह्या वयात नवीन भाज्या ओळखायला मी शिकणार नाही. मी मुलीकडं जाणार, अल्बम घेऊन."

दानियल जमिनीकडं बघत होता. मालक खोलीत तीन चकरा मारून तिच्यासमोर थांबले. "आजी, तोंड मिळंल. आपला शब्द."

ती उठली, जिना उतरायला लागली. निम्म्या जिन्यावरून तिचा आवाज आला, "शनवारी मात्र फोटो काढायचा नाही हं. शनवारी आम्ही काहीच करत नाही. आणि वाचायचं आहे शनवारीच."

मालक माझ्याकडं बघतात, मी मालकांकडं. मी म्हणाले, "द्या आता शब्द."

दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा, जेलरसाहेब, स्वतः आले. उंच, मितभाषी, वर्दीला कडक इस्त्री. त्यांनी साफ सांगितलं, शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी दिवस मावळेपर्यंत कॅमेरा घरात दिसला नाही पाहिजे. त्याआधी किंवा नंतर काय काढायचं ते काढा. नमुन्याचा एक अल्बम त्यांनी हातात घेतला अन् सहज उजवीकडून उघडला. पुढची पानं उलटत गेले, काही बोललेच नाहीत. मालकांना इतका आनंद झाला म्हणून सांगू. आयुष्यात पहिलं गिऱ्हाईक भेटलं होतं ज्याची काही तक्रार नव्हती. साहेब म्हणाले, "आमची पुस्तकं अशीच उघडतात." मालकांनी त्यांना दोनदा चहा पाजला.

गुरुवारी आम्ही हर्सूलला गेलो. पाहुणे आलेले, घर भरलेलं. मालकांनी दारावरची छोटी पेटी टिपली, ज्याला हात लावून ते लोक आत जातात. अंगणातल्या चपला टिपल्या. मालक म्हणायचे, अल्बमच्या पहिल्या पानावर माणूस नसावा, माणूस आल्याची खूण असावी. मग दानियलला आजोबांची शाल पांघरून एक पुस्तक हातात देऊन उभं केलं. खरी गुंडाळी फोटोसाठी उघडायला हज्जाननं साफ नकार दिला होता, अन् तेही बरोबरच होतं. चोवीस फोटो काढले. पोरगं प्रत्येकात असं उभं, जसं शाळेत तपासणी आलीय. ओल्याच प्रिंट मी शुक्रवारी सकाळी आजीला दाखवल्या. तिनं डोळ्यांजवळ धरून पाहिल्या अन् परत दिल्या. "हा फोटो काढून घेणारा पोरगा आहे. वाचणारा नाही."

मी मनात म्हणाले, झालं. आता मालकांना कोण आवरणार.

शनिवारी मालक रिकाम्या हातानं गेले. मी बायकांबरोबर मागच्या खोलीत बसले होते, आजीच्या शेजारी. दारातून पुरुषांच्या पाठी दिसत होत्या, त्यांच्या पलीकडं दानियलची पाठ, पांढरी शाल. आवाज चिरकत होता, पण वाचत होता. आजी मान इकडं तिकडं करत होती. मालक पुरुषांच्या मागं उभे होते अन् त्यांचे हात त्यांना कुठं ठेवावे कळत नव्हतं. खिशात घालायचे, काढायचे, पाठीमागं बांधायचे. मध्येच बोटांची चौकट करून डोळ्यासमोर धरली. हज्जाननं असं पाहिलं त्यांच्याकडं की मालक बाहेर अंगणात निघून गेले अन् लिंबाच्या झाडाभोवती फेऱ्या मारत राहिले.

जेवणं झाल्यावर त्यांनी हज्जानला गाठलं. "महाराज, ही गुंडाळी आता परत कधी उघडता?"

"सोमवारी सकाळी," हज्जान म्हणाला. "सोमवारचं वाचन अगदी आखूड असतं. तिघांना बोलावतात, झालं. सोमवारी फोटोला मनाई नाही. पण दहा पुरुष लागतात. दहाशिवाय तोरा उघडत नाहीत."

घरात मोजून दहा मोठे पुरुष होते, हज्जान अन् जेलरसाहेब धरून. हज्जान थांबायला तयार होता, पण पाहुणे सगळे रविवारी परत निघणार होते. मालक जेलरसाहेबांकडं गेले. साहेबांनी अंगणातल्या पाहुण्यांकडं एकदा पाहिलं. मग म्हणाले, "माझी हरकत नाही. मलाही तो फोटो हवाच आहे. पण पाहुण्यांना मी थांबा म्हणणार नाही, त्यांच्या नोकऱ्या आहेत. तुम्हाला जमलं तर जमवा."

अहो, काय सांगायचं. ज्या माणसाला स्वतःच्या घरचे चार पाहुणे थांबवता आले नाहीत कधी, तो दहा इस्रायली पुरुष सोमवारपर्यंत हर्सूलमध्ये ठेवायला निघाला. पाच जणांना तर रविवारी सकाळी त्यानं वेरूळला पाठवूनच दिलं, भाड्याची गाडी करून, संध्याकाळपर्यंत परत येता येणार नाही अशा बेतानं. गाडीवाल्याला सांगितलं, कैलास लेणं दोनदा दाखव. एक बिचारे म्हातारे होते, ते तसेही दमलेले, थांबले. राहिले दोन. त्यातल्या एकाला, मुंबईच्या काकाला, पोस्टात रजाच नव्हती. त्यानं हात जोडले अन् सकाळच्या गाडीनं मनमाडला गेला. म्हणजे नऊ झाले. मालक अंगणात डोकं धरून बसले अन् एकदम उठले. हज्जानकडं पळत गेले. "महाराज, दानियल? कालपासून तो मोठ्यांत धरायचा ना?"

हज्जान हसला. "धरायचा. दहावा तोच."

तोवर एक काम त्यांनी आणखी केलं. वाचण्याच्या जागेसमोर पश्चिमेची भिंत होती अन् तिला उंचावर एक गजांची खिडकी. आत तोराच्या पुढं कुणी फिरायचं नसतं, म्हणून बाहेरून त्या खिडकीतूनच फोटो घ्यायचा, असं ठरलं. पण सकाळी त्या बाजूला घराची सावली. पोराचं तोंड काळंच येणार. समोर कुंपणाची भिंत होती, तिच्यावर सकाळचं ऊन पडायचं. मालकांनी बादलीत चुना कालवला, धोतर खोचलं अन् सगळी भिंत पांढरी करून टाकली, म्हणजे तिच्यावरचा उजेड खिडकीतून आत जाईल. साठीच्या घरातला माणूस. मी म्हणाले, घसराल. तर म्हणाले, "बाई, तुम्ही कडेचं राहिलंय तेवढं बघा."

आता शेवटचा राहिला तो दानियलच्या आत्याचा नवरा. पुण्याला एका शाळेत ड्रिल मास्तर. मिशीला पीळ, छाती पुढं. त्याची पुण्याची एसटी दुपारी तीनला. दुपारी मलिदा झाला, म्हणजे पोहे, गूळ, ओलं खोबरं अन् फळं ताटात रचून प्रार्थना करतात तो. आम्ही तोही टिपला. अन् मलिद्याचं ताट हातात असतानाच मालक ड्रिल मास्तरला म्हणाले, "साहेब, तुमच्यासारख्या मिशीचा फोटो आमच्या स्टुडिओत नाय. बसस्टँडवर जाता जाता पाच मिनिटं द्या."

तो आला. मालकांनी त्याला समोरून काढला. मग डावीकडून. मग उजवीकडून. टोपी घालून. टोपी काढून. मनगटी घड्याळ काढायला लावलं, चमकतंय म्हणून. भिंतीवरचं घड्याळ मी बंद पाडलं, मालकांच्या डोळ्याच्या इशाऱ्यावरून. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती. ड्रिल मास्तर असल्यामुळं तो हलायचा म्हणून नाही. मालक त्याच्याभोवती घिरट्या घालतायत, पडदा बदलतायत, दिवा वर, दिवा खाली, पुन्हा वर, अन् तो पुतळ्यागत. शेवटी त्यालाच जरा शंका आली. त्यानं टेबलावर काढून ठेवलेलं आपलं घड्याळ उचललं तर पाच वाजून गेलेले.

त्याचा आवाज मग खालच्या भांड्यांच्या दुकानापर्यंत गेला. उद्या त्याची शाळा होती, मुलांची परेड होती. मालकांनी मध्ये तोंड घातलं नाही. त्याचं संपल्यावर खाली मान घालून सगळं खरं सांगून टाकलं, आजीचं, पाठीचं, दहा माणसांचं. ड्रिल मास्तर खुर्चीवर बसला. म्हणाला, "हे आधी सांगितलं असतंत तर मी थांबलो असतो. मी तिचा जावई आहे हो." मला लई लाज वाटली.

ते सगळे लोक पुढं पांगले. जेलरसाहेब, त्यांची बायको, दानियल महिन्याभरानं गेले. आजी अलिबागकडं, दुसऱ्या मुलीकडं. अल्बम मालकांनी केला तो मी आजवर केलेल्या अल्बमांत सगळ्यात सुंदर होता, काळी पानं, मध्ये जाळीदार पातळ कागद, पांढऱ्या शाईनं मी लिहिलेली नावं. उजवीकडून उघडणारा. चपला, दारावरची पेटी, मलिद्याचं ताट, वेरूळहून दमून आलेले पाच पुरुष, ड्रिल मास्तर मिशीसकट. त्या अल्बमला मात्र मालक पुन्हा हात लावू शकले नाहीत, कारण अलिबाग काही औरंगपुऱ्यात नव्हतं. पुढं रंगीत फोटो आले, माझी पेन्सिल संपली, मालकांचा स्टुडिओ त्यांच्या भाच्यानं घेतला. मालकांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलानं मला विचारलं होतं, बाबांचा एखादा चांगला फोटो आहे का तुमच्याकडं. मी कुठून देणार.

पण सोमवारचं सांगायचं राहिलं.

सोमवारी सकाळी आम्ही स्टुडिओतलं उंच स्टूल रिक्षात घालून नेलं. खिडकीखाली जमीन उंचसखल, म्हणून स्टूल धरायला मी. मालक वर उभे, कॅमेऱ्याचं भिंग दोन गजांच्या मध्ये. चुन्याच्या भिंतीचा उजेड आत असा पडला होता की मालक वरून म्हणाले, "बाई, पोराच्या नाकावरचा घामबी दिसायलाय." आत हज्जानचा आवाज. पहिल्या माणसाला बोलावलं, त्याचं झालं. दुसऱ्याला बोलावलं. तिसरा दानियल. दोन दिवस काय काय केलं होतं आम्ही ह्या एका मिनिटासाठी.

तेवढ्यात घराच्या कोपऱ्यावरून आजी आली. काठी घरातच विसरली होती बहुतेक. कुंपणाच्या भिंतीला हात टेकत टेकत आली, तळवा चुन्यानं पांढरा झालेला. खिडकीखाली येऊन उभी राहिली अन् वर बघून हळूच म्हणाली, "दिसतो का रे?"

"दिसतोय आजी."

"कसा दिसतो?"

आत दानियलनं सुरू केलं होतं. मालकांनी तिच्याकडं पाहिलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं अन् मिटलं. पुन्हा एकदा आत पाहिलं. मग कॅमेरा पाठीवर टाकला अन् खाली उतरले.

"मालक," मी म्हणाले, "सुरू झालंय."

"धरा बाई त्यांना. लवकर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण धरलं. एका बाजूनं मी, एका बाजूनं ते, असं उचलून तिला स्टुलावर उभं केलं. तिनं गज धरले. तिचं डोकं अन् पदर यांनीच खिडकी भरली, आता तिथून दुसऱ्या कुणाला काही दिसायची सोय नव्हती. मी मालकांच्या पाठीवरच्या कॅमेऱ्याकडं हात नेला. त्यांनी मान हलवली. त्यांचे दोन्ही हात तिच्या घोट्यांना धरून होते. आतून पोराचा आवाज येत होता. एका ठिकाणी अडला. आम्ही तिघंही तिथं थांबलो. मग तो शब्द त्याला सापडला अन् पुढं गेला. मग सगळे मिळून आमेन म्हणाले अन् संपलं. खरंच आखूड होतं.

आम्ही तिला खाली घेतोय, तर जेलरसाहेब घराला वळसा घालून आलेच. अंगावर शाल तशीच, डाव्या दंडाला प्रार्थनेच्या वेळचा चामड्याचा पट्टा गुंडाळलेला. घाईनं आले होते.

"मिळाला?"

"नाही साहेब," मालक म्हणाले.

"म्हणजे? खराब आला?"

"काढला नाही."

साहेबांचा चेहरा बदलला. "दोन दिवस तुम्ही माझ्या पाहुण्यांना डांबून ठेवलंत. माझ्या मेहुण्याची नोकरी... मी कधी कुणाकडं काही मागत नाही. हा एक फोटो मागितला होता."

मालकांनी पाठीवरचा कॅमेरा पुढं घेऊन भिंगावर झाकण लावलं. मला सांगावंसं वाटत होतं की अहो, म्हातारी आली ना मध्ये. तोवर आजीच पुढं झाली.

आजीनं मुलाच्या हाताला धरलं. चुन्याची पांढरी बोटं त्याच्या बाहीवर उमटली. "त्यांच्यावर ओरडू नको. त्यांनी मला वर उभं केलं. मी बघितलं त्याला."

"बघितलंस?"

"सगळं. वाचताना खालचा ओठ आत घेतो. तुझे बाबा असाच घ्यायचे, हिशोब चुकला की. नाकावर घाम. तो शब्द अडला ना, तेव्हा डोळे मिटून घेतले गच्च, आणि भुवया अशा झाल्या. मग सापडला शब्द, तर हसला. जरासंच. कुणाला दिसायला नको म्हणून."

साहेब तिथंच उभे. राग उतरला होता, पण दुसरं काही त्याजागी आलं नव्हतं. "मी त्याच्या शेजारी होतो आई," ते म्हणाले. "एका हातावर. चुकला तर सांगायला. मी ओळीवरून नजर काढलीच नाही. शनिवारीही नाही, आजही नाही. मला शब्दच दिसत होते फक्त."

आतून पुरुषांचं बोलणं, भांड्यांचे आवाज येत होते. ड्रिल मास्तर कुणाला तरी सांगत होता की दहाची एसटी मिळेल.

साहेब स्टुलावर बसले, वर्दीतल्या माणसाला शोभत नाही असे, पाठ वाकवून. दंडावरचा पट्टा सोडायचंही त्यांना सुचलं नाही.

"परत सांग," ते आईला म्हणाले. "ओठापासून."

अन् तिनं पहिल्यापासून सांगायला घेतलं.